पुस्तकांची नोंद ठेवणारं ॲप, आठ महिन्यांनंतर: सगळं अडतं ते एका फाइलपाशी

तीन ॲप आलटून पालटून वापरल्यावर निकष एकच उरला: आपली यादी देवनागरीसकट शाबूत बाहेर काढता येते का? आलेख आणि वर्षाअखेरची रंगीत चित्रं त्यानंतर.

वाचलेल्या पुस्तकांची यादी ठेवणाऱ्या गुडरीड्स या संकेतस्थळाने डिसेंबर २०२० पासून नव्या एपीआय की, म्हणजे दुसऱ्या ॲपला तिथली माहिती थेट घेऊ देणाऱ्या किल्ल्या, देणं थांबवलं. त्यामुळे नवं ॲप आपली यादी थेट ओढू शकत नाही, सीएसव्ही फाइलच (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर-फाइल) न्यावी लागते. संगणकावर गुडरीड्सच्या माय बुक्समध्ये टूल्सखाली इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट आहे, तिथून फाइल उतरवायची आणि न उघडता स्टोरीग्राफसारख्या नव्या ॲपमध्ये चढवायची. ‘बघू तरी’ म्हणून एक्सेलमध्ये डबलक्लिक केलं की घोळ होतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या संकेतात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. एक्सेलने ते जुन्या युरोपीय संकेतातलं समजून वाचलं, तर एका ‘म’च्या जागी तीन भलतीच चिन्हं दिसतात. वर सेव्ह केलं तर तोच कचरा पक्का होतो. काही ॲपच्या फाइलमध्ये तेरा अंकी आयएसबीएनही (पुस्तकाचा ओळख क्रमांक) ९.७८ई+१२ असा आखडतो आणि पुढचे अंक कायमचे जातात.

बघायचंच असेल तर कोऱ्या वर्कबुकमध्ये डेटा, फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही, फाइल ओरिजिन ६५००१ (म्हणजे यूटीएफ-८) निवडा आणि ‘डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स’ ठेवा. मूळ फाइलची प्रत वेगळी असू द्या.

सवयीचं म्हणाल, तर वर्षाला २४ पुस्तकांचं उद्दिष्ट आधी योग्य वाटलं होतं. चौथ्या महिन्यात मत बदललं. आकडा गाठायचा म्हटलं की हात शंभर पानी पुस्तकाकडेच जातो, जाडजूड कादंबरी कपाटात राहते. त्यापेक्षा रोजची पानं मोजावीत. मोडलेली सवय परत लावायला दिवसाला १० पुरतात, महिन्याला तीनशे पानी पुस्तक होतं.

पण पानं मोजायची तर आवृत्ती नेमकी हवी. जुन्या मराठी पुस्तकांवर ८१ने सुरू होणारा दहा अंकी आयएसबीएन असतो. त्याला पुढे नुसतं ९७८ चिकटवून शोधलं तर मिळत नाही, कारण आधीच्या अंकांवरून काढलेला शेवटचा तपासणी अंकही बहुतेकदा बदलतो. आहे तसा दहा अंकीच टाकून बघा. नाहीच सापडलं तर हाताने नोंद करा, पानसंख्या आपल्या प्रतीवरूनच घ्या. शोधात ‘ॲ’ आणि ‘अ’वर चंद्र देऊन केलेला ‘अॅ’ दिसायला सारखे, पण कोड वेगळे. एकाने नाही मिळालं तर दुसऱ्याने शोधा.

वर्गणी भरायची गरज वाटली नाही, नोंदीपुरतं फुकटातलं पुरतं. नवं ॲप घेताना आधी पाचच पुस्तकं घाला, त्यातली दोन मराठी, एक ‘ॲ’ असलेलं. लगेच फाइल बाहेर काढा, नोटपॅडमध्ये उघडा आणि नावं नीट आली असतील तरच बाकीची शेकडो चढवा.