गॅसवरचा हॉट एअर जनरेटर: पावडर कोटिंगच्या भट्टीतला अनुभव

भोसरीतील आमच्या पावडर कोटिंगच्या (धातूवर कोरडी रंगाची पूड फवारून ती भट्टीत तापवून पक्की करण्याच्या) शेडमध्ये जुना डिझेल बर्नर काढून पाइपच्या नैसर्गिक वायूवर चालणारा हॉट एअर जनरेटर, म्हणजे भट्टीसाठी हवा तापवणारे यंत्र, बसवला, त्याला आता हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा असे तिन्ही ऋतू उलटून गेले आहेत. यंत्र पुण्यातल्याच एका उत्पादकाचे आहे. भट्टीच्या तापमानावर ताबा ठेवण्यात ते डिझेलच्या यंत्रापेक्षा निःसंशय सरस ठरले. मात्र ज्या सेन्सरच्या भरवशावर हा ताबा चालतो, तो बसवताना पुरेसा विचार झालेला नव्हता.

ही रचना अप्रत्यक्ष तापवण्याची आहे. ज्योत उष्णता-विनिमयकाच्या (धूर मिसळू न देता ज्योतीची उष्णता हवेला देणाऱ्या भागाच्या) आत जळते, धूर धुराड्यातून बाहेर जातो आणि जॉबपर्यंत, म्हणजे भट्टीतल्या मालापर्यंत, फक्त स्वच्छ गरम हवा पोहोचते. थेट ज्योतीवर तापवलेल्या हवेत नायट्रोजनची ऑक्साइडे उतरतात आणि पांढऱ्या किंवा फिक्या पावडरीवर पिवळसर झाक येऊ शकते. आमचे बरेचसे काम पांढऱ्या पॅनेलचे असल्यामुळे, धुराड्यातून वाया जाणारी उष्णता सोसूनही आम्ही हाच प्रकार निवडला.

बर्नर मॉड्युलेटिंग, म्हणजे गरजेप्रमाणे ज्योत कमी-जास्त करणारा आहे, आणि माझ्या मते या यंत्राचे पैसे तिथेच वसूल होतात. चालू-बंद पद्धतीचा बर्नर एक तर पूर्ण ज्योतीने जळतो, नाही तर विझतो. पुन्हा पेटण्यापूर्वी पंख्याने दहनकक्ष झाडून घ्यावा लागतो, आणि त्या वेळी आत शिरणारी थंड हवा विनिमयकातली उष्णता धुराड्यातून बाहेर घेऊन जाते. असे वारंवार घडले की गॅस वाया जातोच, शिवाय सतत तापण्या-निवण्याने विनिमयकाचे वेल्डिंगचे जोडही थकतात. मॉड्युलेटिंग बर्नरमध्ये पीआयडी कंट्रोलर (ठरलेल्या आणि प्रत्यक्ष तापमानातला फरक पाहून काम करणारा स्वयंचलित नियंत्रक) हवेचा डॅम्पर (झडप) आणि गॅसचा व्हॉल्व्ह एकाच वेळी हलवून ज्योत लहान-मोठी करतो. आमचा बर्नर पूर्ण क्षमतेच्या साधारण एक चतुर्थांशापर्यंत खाली येतो. ट्रॉली आत ढकलताना दार उघडते आणि तापमान झपाट्याने घसरते, तेव्हा ज्योत मोठी होते. मग ठरलेले तापमान जवळ येऊ लागताच ती आधीपासूनच आवरती होत जाते, त्यामुळे पारा मर्यादेच्या पुढे उडी घेत नाही.

बर्नर पेटण्याचा क्रमही मला आवडला. आधी सर्क्युलेशन फॅनचा हवेचा दाब तपासला जातो, मग सुमारे अर्धा मिनिट दहनकक्षाची सफाई होते, त्यानंतर ठिणगी पडते आणि गॅसचे दोन्ही सोलेनॉइड (विजेवर उघडणारे-मिटणारे) व्हॉल्व्ह उघडतात. काही सेकंदांत ज्योतीची खूण मिळाली नाही, तर गॅस तोडून बर्नर लॉकआउटमध्ये जातो आणि माणसाने रिसेटचे बटण दाबल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. पाळी बदलताना घाई असली की कामगार ते बटण लागोपाठ दाबत राहतात. हे कटाक्षाने थांबवायला हवे, कारण लॉकआउट का झाला हे शोधणे त्या वेळी उत्पादनापेक्षा महत्त्वाचे असते. कंट्रोलर निकामी झाला तरी बर्नर बंद करणारा वेगळा हाय-लिमिट थर्मोस्टॅटही दिलेला आहे. बर्नर विझल्यावर विनिमयक निवेपर्यंत फॅन चालूच राहतो, हेही योग्य आहे.

आता उणीव. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा तो सेन्सर, गरम हवेच्या डक्टच्या तोंडाशीच बसवलेला होता. पॅनेलवर २०० अंश दिसत असताना भट्टीच्या खालच्या कोपऱ्यात टांगलेल्या जॉबना तेवढी उष्णता मिळतच नव्हती. पॉलिएस्टर पावडर साधारणपणे १८० ते २०० अंशांना १० मिनिटांच्या आसपास पक्की होते, आणि हे तापमान धातूचे धरायचे असते. एक मिलिमीटरचा पत्रा तिथे लवकर पोहोचतो, सहा मिलिमीटरच्या प्लेटला बराच जास्त वेळ लागतो. सॉल्व्हंटचा बोळा घासून पाहिल्यावर जाड जॉबवरचा थर मऊ पडत होता. शेवटी थर्मोकपल जॉबच्या उंचीवर परतीच्या हवेच्या बाजूला हलवून घेतला, आणि भरलेल्या भट्टीत पीआयडीचे ऑटोट्यून (कंट्रोलरने भट्टीनुसार स्वतःची जुळणी करून घेणे) पुन्हा केले. हे ऑटोट्यून आधी रिकाम्या भट्टीत उरकलेले होते, त्यामुळे माल भरल्यावर तापमान खाली-वर झोके घेत होते. हे बदल झाल्यापासून कच्च्या कोटिंगची तक्रार आलेली नाही.

नवीन यंत्र मागवणाऱ्यांनी बर्नरची क्षमता वाढीव धरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. अवाजवी मोठा बर्नर कमी मालाच्या दिवशी सर्वांत लहान ज्योतीवरही जास्तच उष्णता देतो आणि अखेर चालू-बंद होऊ लागतो. म्हणजे मॉड्युलेशनसाठी मोजलेले पैसे फुकट जातात. यंत्र ताब्यात घेताना धुराड्यातल्या वायूची तपासणी लहान आणि मोठ्या अशा दोन्ही ज्योतींवर आपल्यासमोर करून घ्यावी. ऑक्सिजन तीन-चार टक्क्यांच्या आसपास असावा. तो फार जास्त असेल तर उष्णता धुराड्यातून जाते, आणि फार कमी असेल तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. दोन्ही सोलेनॉइड व्हॉल्व्हची गळती-चाचणी आणि ज्योत ओळखणाऱ्या यूव्ही सेलची काच पुसणे, ही कामे सर्व्हिसच्या करारात नावानिशी लिहून घ्यावीत. आमच्या पहिल्या करारात ती नव्हती, पुढच्यात घालून घेतली आहेत.