जुने गोवे ते फोंडा, गाइडसह एक दिवस: चार स्टार

पणजीहून सकाळी साडेआठला टेम्पो ट्रॅव्हलर, माणशी १,६०० रुपये, जेवण धरून. देवळं-चर्चच्या सहली गोव्यात पैशाला पासरी. मी ही घेतली ती नार्व्याच्या सप्तकोटेश्वराच्या देवळासाठी, आणि पैसे वसूल झाले तेही नार्व्यातच.

जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या आत शिरण्याआधी गाइडने सगळ्यांना उन्हात उभं केलं. सासूबाई कुरकुरल्या, पण ऐकण्यासारखं होतं. १६०५ सालचं हे चर्च मुळात असं तांबडं नव्हतंच. १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने बाहेरचा गिलावा काढून टाकला आणि तेव्हापासून उघडा जांभा पाऊस खातोय. भिंतीच्या पायाशी तांबडी भुकटी साचलेली दिसते. गिलावा परत चढवा अशी मागणी आहे, पण फोटोतला तो रंगच आता लोकांच्या डोळ्यांत बसलाय. माझं मत विचाराल तर चढवावा. फोटोचं काय, पुन्हा काढता येतील.

मग फेरीबोटीने दिवाडी. गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचं या बेटावरचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, तेव्हा भक्तांनी लिंग नदीपार नार्व्याला नेलं. आम्हीही दुसऱ्या फेरीने तसेच पलीकडे गेलो. असा मार्ग ज्याने आखला त्याला शंभर मार्क! १६६८ साली शिवाजी महाराजांनी नार्व्याचं देऊळ नव्याने बांधायला घेतलं. दारावरच्या शिळेवर शके १५९० आणि ‘श्रीशिवराज्ञा’ ही अक्षरं आहेत; गाइडने मोबाइलचा टॉर्च तिरका धरून ती एकेक करून वाचून दाखवली. कौलांचं उतरतं छप्पर, ठेंगणा घुमट, समोर दीपमाळ. गोवा सरकारने डागडुजी करून २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं केलं, आणि जुनं रूप सांभाळलंय.

एक स्टार कापला तो मसाल्याच्या बागेपायी. तिथे दीड तास गेला आणि दालचिनी विकत घ्यायचा आग्रह वेगळाच. त्यामुळे फोंड्याच्या साफा मशिदीला जेमतेम पंधरा मिनिटं उरली. आदिलशाहीतली १५६० ची ही मशीद. शेजारचं कमानी-कोनाड्यांचं तळं मशिदीपेक्षा मोठं. मंगेशीच्या देवळातला देव मंगेश कुशस्थळीहून इथे प्रियोळला आला तोही याच सुमारास, पण गाइडला तोवर घाई झाली होती, ही सांगड घालायची राहिलीच. मंगेशीला संध्याकाळची गर्दी, दर्शन मात्र झटपट.

बुकिंग करतानाच मसाल्याची बाग नको म्हणून सांगा. आमच्या पुढच्या गटाने सांगितलं होतं, त्यांचं ऐकलं. जेवणात माशाचं हुमण छान, भात गार.