पहिल्यांदा जहाजात बसायचं तर : गोवा, लक्षद्वीप की सिंगापूर?

मागच्या आठवड्यात गुरुजी दुकानात आले. खताची चौकशी नाही, फवारणीची नाही. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "तू मायले घेऊन जहाजात गेल्ता म्हणते. आमालेबी जाच्चं हाय. मुंबईवरून जाऊ का शिंगापूरवरून? पोरगा तं शिंगापूरच म्हणते."

गुरुजी झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेले, वय ६६. सोबत काकू, त्यांचे गुडघे दुखणारे. समुद्र दोघांनी एकदाच पाहिलेला, तोही चौपाटीवरून. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडे धड रेल्वे नाही, शकुंतला ही छोटी गाडी बंद पडून कित्येक वर्षं झाली, आणि आम्ही दोघं जहाजाच्या गोष्टी करत बसलो. त्या दिवशी गिऱ्हाईक थांबवून जे सांगितलं तेच इथं नीट मांडतो.

माझ्या माहितीतल्या तीन सफरी आहेत. पुतण्या लग्नानंतर बायकोला घेऊन मुंबई-गोवा-मुंबई दोन रात्री जाऊन आला. मी, बायको आणि आई मुंबईहून लक्षद्वीपला चार रात्री गेलो. नागपूरचा साळा बायको-पोरांसह सिंगापूरहून तीन रात्री जहाजात आणि दोन रात्री सिंगापूर शहरात राहून आला. माझं मत आधीच सांगतो: सोबत म्हातारं माणूस असेल आणि पहिलीच खेप असेल, तर लक्षद्वीप. दहा-बारा वर्षांची पोरं असतील आणि पासपोर्ट तयार असतील, तर सिंगापूर. गोव्याची दोन रात्रींची फेरी सगळ्यात स्वस्त दिसते, पण मी कोणाला सुचवत नाही.

का, ते पैशातच दिसतं. पुतण्याला दोघांचे सगळे कर धरून ४६ हजार लागले. म्हणजे माणशी रात्रीला साडेअकरा हजार. आम्हाला तिघांना एका खोलीत चार रात्रींचे १ लाख १८ हजार, म्हणजे माणशी रात्रीला दहा हजाराच्या आतच. एका खोलीतल्या तिसऱ्या माणसाचं तिकीट कमी असतं, हे त्याचं कारण. ती तिसरी बर्थ भिंतीतून खाली ओढायची, रेल्वेसारखी. तिच्यावर अर्थातच मी. साळ्याला चौघांचे विमान, हॉटेल, व्हिसा सगळं मिळून साडेतीन लाख. आपल्या भाषेत बोलायचं तर २०२५-२६ च्या लांब धाग्याच्या कापसाच्या हमीभावानं, म्हणजे क्विंटलला ८,११० रुपयांनी, पुतण्याचे पावणेसहा क्विंटल, आमचे साडेचौदा आणि साळ्याचे त्रेचाळीस. हमीभाव हाती पडला तर, हे वेगळं सांगायला नको.

पण पुतण्याचं खरं नुकसान वेळेचं झालं. पहिल्या दिवशी दुपारी चढायचं, सामान खोलीवर यायची वाट पाहायची, मग सुरक्षेची तालीम, आणि जहाज हलेपर्यंत संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी गोवा आलं की सगळे उतरायला दारात. तिसऱ्या दिवशी नाश्ता झाला की बॅग घ्या नि चला. जेवायचा हॉल कोणत्या मजल्यावर आणि पोहायचा तलाव कोणत्या, हे कळेपर्यंत सफर संपते. जहाजाची मजा त्या दिवशी असते ज्या दिवशी कुठंच पोचायचं नसतं. चारही बाजूंनी पाणी, आणि तुम्ही डेकवर खुर्ची टाकून बसलेले. लक्षद्वीपच्या फेरीत असा दिवस जातानाही मिळतो आणि येतानाही.

तिकिटाच्या भावात एक गोम आहे, ती तिन्हीकडे सारखीच. जाहिरातीतला आकडा नुसता खोलीचा असतो. त्यावर बंदराचं शुल्क, जीएसटी आणि नोकरवर्गाची बक्षिसी लागते. मला जिल्ह्याच्या गावातल्या एका एजंटनं आधी ८४ हजार सांगितले, पैसे भरायच्या दिवशी तो आकडा लाखाच्या वर गेला. चूक माझीच, सगळं धरून किती हे विचारलं नव्हतं. तुम्ही कागदावर लिहून घ्या. जेवण तिकिटात असतं, दारू, थंड पेयं, वायफाय, काही खास हॉटेलं नसतात. सिंगापूरचं पॅकेज इथल्या एजंटकडून घेतलं तर टीसीएसही, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. पॅनकार्ड लागतं आणि तो पैसा परत हवा असेल तर रिटर्न भरावं लागतं. शेतीचंच उत्पन्न म्हणून आजवर रिटर्न न भरणाऱ्यांनी हे आधी सीएला विचारून घ्यावं.

खोलीबद्दल गुरुजींनी दोनदा विचारलं. सगळ्यात स्वस्त ती आतली, खिडकी नसलेली. दिवा मालवला की दुपारी बारालाही मिट्ट काळोख. मग खिडकीची, मग गॅलरीची. आम्ही आतली घेतली आणि पस्तावलो नाही, कारण खोलीत फक्त झोपायला जायचो. मात्र कोणाला कोंडल्यासारखं होत असेल तर खिडकीला जादा पैसे द्यावेत. आणि मजला खालचा, जहाजाच्या मध्यभागी घ्या. टोकाला आणि वरच्या मजल्यावर हेलकावा जास्त जाणवतो. एसटीत मागच्या सीटवर बसून पाहिलेल्याला हे समजवायची गरज नाही.

आता पोचायचं कसं. इथं मुंबईची बाजू फारच भारी आहे. धामणगावला किंवा बडनेऱ्याला संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस पकडा, सकाळी सीएसएमटीला उतरा. तिथून बॅलार्ड पिअरचं बंदर जेमतेम दीड-दोन किलोमीटर. टॅक्सीवाला जवळचं भाडं म्हणून तोंड वाकडं करतो, एवढाच त्रास. तरी त्याच सकाळच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, एक दिवस आधी पोचा. गाडी चार तास लेट झाली तर जहाज थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू झालाय, गाडी घेऊन जाणारेही आहेत, पण चार-पाच दिवस ती मुंबईत ठेवायची कुठं, हा प्रश्न उरतो. सिंगापूरसाठी आधी नागपूर, तिथून विमानानं मुंबई किंवा दुसरं मोठं शहर, मग तिथून पुढचं विमान. काकूंच्या गुडघ्यांना विमानतळावरचं चालणंच जड जाईल. व्हीलचेअर मात्र मिळते, तिकिटाच्या वेळीच सांगून ठेवायची.

कागदपत्रांत तर तुलनाच नाही. मुंबईच्या देशांतर्गत फेरीला आधारकार्डावर काम होतं. लक्षद्वीपला बाहेरच्यांना प्रवेशपरवाना लागतो, तो आमचा जहाजाच्या बुकिंगमधूनच झाला. आम्ही फोटो आणि कागद दिले, बस. सिंगापूरला पासपोर्ट हवा, आणि तोही प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने चालणारा. गुरुजींकडे पासपोर्टच नाही. नव्याला साधी फी १,५०० रुपये, पण आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, काकूंच्या कागदांवर माहेरचं तिसरं असं आपल्याकडे घरोघरी असतं. ते जुळवण्यात महिने जातात. पुढं सिंगापूरचा व्हिसा. त्यात एक बारीक गोष्ट अशी की जहाज सिंगापूरहून सुटून तिथंच परत येतं, म्हणजे तुम्ही त्या देशात दोनदा शिरता. व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, हे तपासा. जहाज पेनांग किंवा फुकेतला थांबणार असेल तर मलेशिया, थायलंडचे त्या वेळचे नियमही पाहा, ते बदलत असतात.

आणि खर्रा, म्हणजे आमची सुपारी-तंबाखूची पुडी. हसू नका, आमच्या यवतमाळात हा प्रवासाचाच मुद्दा आहे. सिंगापूरला चघळायचा तंबाखू नेणं सरळ गुन्हा आहे, च्युइंगगमही चालत नाही. खसखसही बंदीच्या यादीत आहे, म्हणजे दिवाळीनंतर जाणार असाल तर अनारशांचा डबा घरीच ठेवा. साळ्यानं नागपूर विमानतळाच्या बाहेरच शेवटची पुडी संपवली आणि पाच दिवस वेलदोडा चघळत काढले. बायको अजून त्या पाच दिवसांचं नाव काढते.

मुंबईहून सुटणारं जहाज म्हणजे कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस'. १९९० साली बांधलेलं, आधी रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात होतं. लांबी २११ मीटर, ११ मजले. आपल्याला ते गावाएवढं वाटतं. सिंगापूरचं 'जेंटिंग ड्रीम' २०१६ चं आणि तिपटीनं मोठं. त्यावर पाण्याच्या घसरगुंड्या, दोरीवरचे खेळ, काय नि काय. साळ्याची पोरं तीन दिवस आईबापाला जेवणापुरतीच दिसली. पण आमच्या आईला तिपटीनं मोठं जहाज घेऊन करायचं काय? तिला लिफ्टपासून जेवणाच्या हॉलपर्यंतची वाट पाठ झाली तेव्हाच ती खुलली.

जेवणाचं ऐका. मुंबईच्या जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवण सहज मिळतं. वरण-भात, पोळी, पनीर, इडली, सगळं. ज्वारीची भाकर नाही आणि तिखट आपल्या बेताचं नाही. बाहेरचं खाणं जहाजावर नेता येत नाही, हे मी आईला सांगितलं होतं. तरी बंदरावर तपासणीत तिच्या पिशवीतून जवसाच्या चटणीची बरणी निघाली. ती त्या पोरीला समजावत होती, "बाई, हे खानं नोहे, चटनी होय." बरणी तिथंच राहिली. सिंगापूरच्या जहाजावरही भारतीय जेवण असतं, साळ्याची तक्रार नव्हती. पण दोन रात्री शहरात शाकाहारी शोधत फिरावं लागलं आणि एकेका जेवणाचे पैसे रुपयांत करून पाहिले की भूकच मरते.

समुद्र लागण्याची भीती सगळ्यांना असते. आम्हाला दुसऱ्या रात्री लागला. मला, आईला नाही. ती म्हणाली, "बैलबंडीत जल्मभर बसलो, याले का भ्याचं!" गोळी उलटी झाल्यावर नाही, हेलकावे सुरू व्हायच्या आधी घ्यायची. बीपी-शुगरवाल्यांनी कोणती ते डॉक्टरला विचारून. बाकी आलेपाक, कोरडं खाणं आणि क्षितिजाकडे बघत बसणं. पोटात वळवळायला लागलं की मोबाइल खाली ठेवा. त्या मोबाइलचंच आणखी एक: किनारा सुटला की तो लगेच एअरप्लेन मोडवर टाका. नाहीतर जहाजाचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि बिल असं येतं की त्यात एक पोतं बियाणं यावं.

बुडण्याची भीती काकूंना आहे. त्यांना मी तालमीचं सांगितलं. २०१२ साली इटलीजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' कलंडल्यावर नियम कडक झाले, आणि २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच प्रवाशांची तालीम घ्यावीच लागते. भोंगा वाजतो, कोणी कुठं जमायचं ते दाखवतात, जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. आईनं त्यानंतर डेकवर फिरून एका बाजूच्या जीवरक्षक बोटी मोजल्या आणि दुसऱ्या बाजूच्या मोजायला मला पाठवलं.

लक्षद्वीपची एकच बाब काकूंसाठी अवघड आहे, आणि ती गुरुजींपासून मी लपवली नाही. अगत्ती बेटाला मोठं जहाज लागत नाही. ते खोल पाण्यात उभं राहतं आणि तुम्ही लहान बोटीतून किनाऱ्यावर जाता. जहाजाच्या दारातून त्या बोटीत पाय टाकायचा तो क्षण वाईट. बोट हातभर वर येते, हातभर खाली जाते. दोन खलाशी दोन्ही दंड धरून उभे असतात, ते "अब" म्हणतात आणि त्याच घटकेला पाय टाकायचा. आईनं दोन वेळा पाय मागं घेतला, तिसऱ्यांदा डोळे मिटून टाकला. पुढं जे पाणी दिसलं, ते सांगून पटणार नाही. तळाची पांढरी रेती दिसते आणि वर मोरचूद विरघळल्यासारखा निळा-हिरवा रंग. द्रावण ढवळणाऱ्या माणसाला दुसरी उपमा सुचत नाही. आई तासभर घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती. काकूंना ते पाऊल जमणार नसेल तर त्यांनी त्या दिवशी जहाजावरच राहावं, तसे बरेच जण राहतात. समुद्र खवळला असेल तर उतरणंच रद्द होतं, तीही मनाची तयारी हवी. गोव्यात आणि सिंगापूरला जहाज धक्क्याला लागतं, त्यामुळे तिथं चढता-उतरताना हा ताप नाही. लक्षद्वीपच्या बेटांवर दारूबंदी आहे, बंगाराम बेट सोडून. गुरुजी माळकरी, त्यांना त्याचं काही नाही.

राहता राहिला हंगाम. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्या साधारण ऑक्टोबर ते मे या काळातच पाहायच्या. सिंगापूरची जहाजं बारमाही. ऑक्टोबर ते जानेवारी आपल्याकडे कापूस वेचणी, मग तूर, मग हरभरा. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश असताना समुद्रावर जावंसं वाटतं, पण सुट्ट्यांमुळे भाव चढे असतात आणि लग्नं आडवी येतात. फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्चचा मधला आठवडा, परीक्षांच्या दिवसांत, स्वस्त मिळतो. गुरुजींना आता परीक्षेचं सुपरव्हिजनही नाही.

गुरुजींनी मार्च धरलाय. जहाजाचं बुकिंग आत्ताच करा म्हटलं, पण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधीच उघडतं, म्हणून जानेवारीत दुकानात येऊन आठवण करा. परतीचं तिकीट जहाज लागतं त्याच संध्याकाळचं काढायचं, खालची बर्थ काकूंना. उतरल्यावर एक-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते, घाबरायचं नाही. आई धामणगावच्या फलाटावर खांब धरून उभी राहिली होती.

"शिंगापूरचं पोराले काय सांगू?" गुरुजींनी उठता उठता विचारलं.

पासपोर्टचा अर्ज भरून ठेवा म्हणावं, आणि आधी काकूंच्या नावाची दुरुस्ती.