आपोआप संदर्भ की हाताने भरलेला? नवख्यांना आधी काय दाखवावं

मराठी विकिपीडियावर नवख्यांना लेख सुरू करून देणं अर्ध्या तासाचं काम. गाडी अडते ती संदर्भापाशी. तुम्ही कॉलेजात किंवा वाचनालयात असा वर्ग घेणार असाल, तर दुवा चिकटवून यंत्राकडून संदर्भ बनवून घ्यायचा, की साच्यातले (संदर्भाच्या ठरीव चौकटीतले) लेखक, वर्ष, पृष्ठ असे रकाने मुलांकडून हाताने भरून घ्यायचे, हे आधीच ठरवलेलं बरं. (रेफचा, म्हणजे संदर्भाच्या खुणेचा, कोड टाइप करायचा तिसरा मार्ग मी मोबाइलवाल्यांसाठी केव्हाच सोडला. मराठी कीबोर्डवरून इंग्रजीवर जा, कोनी कंस शोधा, परत या, आणि शेवटी तिरकी रेघ राहिली की लाल अक्षरांत बोंब.)

जळगाव-धुळ्याकडे मी दोन्ही करून पाहिलं. आपोआपवाल्याचं आधी कौतुक. डीओआय (शोधनिबंधाचा कायमचा ओळख क्रमांक) असलेला शोधनिबंध दिला की लेखक, वर्ष, नियतकालिक, सगळं जागच्या जागी बसतं. केळीवरच्या करप्यावर लिहिणाऱ्या एका कृषीच्या पोराचे पाच संदर्भ चहा येईपर्यंत झाले होते. त्याला हाताने भरायला बसवलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी फिरकला नसता.

पण आपल्याकडचे विषय बहुधा शोधनिबंधात नसतात. खानदेशचं जुनं गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) १८८० सालचं, म्हणजे बहिणाबाईंच्या जन्माच्याच वर्षीचं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आला त्यानंतर नव्वदेक वर्षांनी. यंत्राला द्यायचं काय? गावच्या यात्रेच्या स्मरणिकेचंही तेच. आयएसबीएन असला तरी पान क्रमांक आपल्यालाच टाकावा लागतो, आणि तो कोणी टाकत नाही.

एवढं मी चालवून घेतलं असतं. मन उठलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. चाळीसगावकडची एक मुलगी तिथल्याच पाटणच्या शिलालेखावर लिहीत होती. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याची नोंद असलेला हा शिलालेख. तिने एका बातमीचा दुवा चिकटवला, बटण दाबलं आणि संदर्भात लेखक उमटला: ‘डेस्क, वेब’. बातमीखालचं ‘वेब डेस्क’ हे विभागाचं नाव यंत्राने माणसाचं समजलं. आडनाव डेस्क, नाव वेब! वर्ग हसला, तीही हसली, आणि हसत हसतच तिने लेख जतन केला. आठवड्याने पाहिलं तर डेस्कराव तिथेच. त्यात तिची चूक म्हणवत नाही. चौकट भरलेली दिसली की आत डोकावायचं कोणाला सुचतं? पण त्यानंतर जिथे तिथे मला डेस्करावच दिसायला लागले.

पुढच्या बैठकीत तिला तोच संदर्भ हाताने भरायला सांगितला. पहिल्याच रकान्याशी अडली. “सर, लेखक कोण लिहू? बातमीवर नावच नाही.” मग बातमी देणाऱ्याला हे कळलं कुठून? शोधता शोधता एकोणिसाव्या शतकातले संशोधक भाऊ दाजी लाड यांच्यापर्यंत गेलो. हा शिलालेख उजेडात आणला त्यांनी. तिथून ‘एपिग्राफिया इंडिका’ या कोरीव लेखांच्या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात कीलहॉर्न या जर्मन संस्कृतपंडिताने छापलेल्या पाठापर्यंत. पृष्ठाचा रकाना रिकामा डोळ्यांत खुपत होता, म्हणून ती स्कॅन उघडून पानं चाळत बसली. पाऊण तास गेला, एकच संदर्भ झाला. आकड्यांत बघितलं तर हा सौदा तोट्याचाच.

तुमच्याकडे विज्ञान शाखेची मुलं जास्त असतील आणि हातात दोनच तास असतील, तर आपोआपची वाट धरलीत म्हणून मी नावं ठेवणार नाही. मी स्वतः मात्र हल्ली पहिला संदर्भ हाताने, तोही शक्यतो समोर ठेवलेल्या पुस्तकातून भरून घेतो. ते बटण चहानंतर दाखवतो.