काजूच्या बागेतील गवतासाठी ब्रश कटर: टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला ज्यांची काजूची बाग आहे, त्यांना पावसाळ्यात कमरेएवढ्या वाढणाऱ्या गवताविषयी वेगळे सांगायला नको. मी आधी पाच वर्षे टू-स्ट्रोक ब्रश कटर वापरला आणि गेली तीन वर्षे फोर-स्ट्रोक वापरतो आहे.

वजनाला टू-स्ट्रोक हलका आहे. उतारावर दिवसभर तो खांद्याला अडकवून फिरणाऱ्याला हा फरक संध्याकाळी चांगलाच जाणवतो, शिवाय बिघडला तर गावातला मेस्त्रीही तो सहज खोलून जोडतो. प्लग, एअर फिल्टर आणि गिअर हेडमधील ग्रीस यांची निगा दोन्हींत सारखीच आहे.

टू-स्ट्रोकला वेगळे ऑइल नसते, ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते आणि त्यावरच इंजिनाला वंगण मिळते. माझे मत बदलले ते या मिसळण्याच्या कटकटीमुळे. माझ्या यंत्राला १:५० प्रमाण, म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) ऑइल लागत असे. एका हंगामात मी बेळगावला गेलो असताना गड्याने शेजारच्या तशाच कॅनमधील नुसते पेट्रोल टाकीत ओतले. थोड्याच वेळात इंजिन बंद पडले आणि स्टार्टरची दोरी जागची हलेना. मेस्त्रीने सायलेन्सर काढून पिस्टन दाखवला, तेव्हा त्यावरचे उभे ओरखडे नखाला लागत होते. यात गड्याला दोष देणे मला योग्य वाटत नाही, कारण दोन्ही कॅनवर मी काहीच लिहून ठेवले नव्हते.

त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा ओढून घेते. पाणी फार झाले की इथेनॉल त्याच्यासह तळाशी बसते, टू-टी ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. तळाचे असे ऑइल नसलेले इंधन इंजिनात जाऊ शकते, त्यामुळे आपल्याकडच्या पावसात जुने मिश्रण वापरणे धोक्याचे आहे.

फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळे राहते. माझ्या ३५ सीसीच्या यंत्रात ते साधारण १०० मिली बसते, पहिल्यांदा १० तासांनी आणि पुढे दर ५० तासांनी बदलावे लागते. काम सुरू करण्यापूर्वी पातळी पाहिली की झाले. त्याचीही काळजी घ्यावी लागते, हे खरे. एकदा टेम्पोतून चुकीच्या बाजूला आडवा टाकून आणल्यावर ऑइल एअर फिल्टरपर्यंत आले आणि बराच वेळ पांढरा धूर निघत राहिला. व्हॉल्व्हचे अंतर तपासायलाही जाणता मेस्त्री लागतो.

यंत्र तुमच्या एकट्याच्याच हातात राहणार असेल आणि जमीन फार उताराची असेल, तर टू-स्ट्रोक घेण्यात चूक आहे असे मी म्हणणार नाही. मात्र ते दोन-तीन हातांत फिरणार असेल, तर थोडे वजन सोसून फोर-स्ट्रोक घ्यावा, असे मला वाटते. दिवाळीनंतर कापणी संपली की मी टाकी रिकामी करतो आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. यंदा जूनमध्ये ताजे पेट्रोल घातल्यावर ते चौथ्या ओढीला सुरू झाले.