कोकणात फिरणाऱ्या कॅम्परव्हॅनसाठी बॅटरी : ट्युब्युलर, एजीएम की लिथियम?

कॅम्परव्हॅनमधला पंखा, फ्रीज, दिवे आणि पाण्याचा पंप चालवणारी बॅटरी ही इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीहून वेगळी असते. ती निवडताना आपल्यापैकी बहुतेकांना परदेशी माहितीवर अवलंबून राहावे लागते. त्या माहितीत सर्वांत मोठी चर्चा थंडीची असते, कारण लिथियम आयर्न फॉस्फेट या लिथियम बॅटरीच्या प्रकाराचे सेल शून्य अंशाखाली चार्ज केले तर ते कायमचे बिघडतात. त्यासाठी आत हीटर बसवलेल्या बॅटऱ्या जास्त किमतीला विकल्या जातात आणि आता त्या आपल्याकडेही दिसू लागल्या आहेत. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोणत्याही ऋतूत त्या हीटरची गरज पडणार नाही. आपल्या किनाऱ्यावर बॅटरीचे वैरी तीन आहेत : खारी दमट हवा, एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत कोंडणारी उष्णता, आणि पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे अर्धवटच होणारे चार्जिंग. पुढील तुलना या तिघांना धरून केली आहे.

आधी गरज किती ते पाहावे

दुकानदार अँपिअर-तास, म्हणजे एएच, हा आकडा सांगतो. पण विजेच्या बिलामुळे आपल्याला युनिटचा अंदाज अधिक चांगला असतो. म्हणून हिशेब युनिटमध्येच करावा. चाळीस-पन्नास लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज चालू असताना सुमारे ५० वॅट घेतो आणि आपल्या उकाड्यात दिवसातले निम्मे तास चालतो, म्हणजे ०.६ युनिट झाले. दोन लहान पंखे रात्रभर चालवले तर ०.३ युनिट लागते. दिवे, मोबाइल आणि एखादा लॅपटॉप यांना ०.२ युनिट पुरते. ओल्या नारळाचे वाटण करायला ७५० वॅटचा मिक्सर पाच मिनिटे फिरवला तर ०.०६ युनिट खर्च होते, म्हणजे मिक्सर ताकद जास्त मागतो पण वीज फारशी खात नाही. इन्व्हर्टरमधील घट धरून दोघातिघांच्या कुटुंबाला दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास वीज लागते. एसीचा विचार येथे केलेला नाही. एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभर चालवायचा तर चार-पाच युनिटांची तयारी हवी आणि तो खर्च वेगळ्याच पातळीवरचा आहे. ज्यांना एसीशिवाय झोप येत नाही, त्यांनी रात्री एखाद्या होमस्टेच्या आवारात गाडी लावून तिथल्या सॉकेटला जोडणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

शिसे आणि लिथियम

कोकणातल्या बऱ्याच घरांत लाईट गेल्यावरची सोय म्हणून १५० एएचची ट्युब्युलर, म्हणजे पाणी घालावी लागणारी शिशाची, बॅटरी असते, आणि तीच गाडीत ठेवावी असा विचार पहिल्यांदा मनात येतो. तिच्यात कागदावर १.८ युनिट असतात (१५० एएच गुणिले १२ व्होल्ट, भागिले १०००). मात्र शिशाची बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, त्यामुळे रोजच्या वापराला ०.९ युनिटच हाती राहते. तिचे वजन पाणी भरल्यावर पन्नास किलोच्या वर जाते, तिच्यातून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन बाहेर पडतो, आणि ज्या डब्यात माणसे झोपतात त्यात तो साठू देणे धोक्याचे असते. एजीएम बॅटरीही शिशाचीच, पण तिच्यातले आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेले असते. ती बंदिस्त असल्याने पाणी भरण्याचा आणि एरवी वायूचा त्रास वाचतो, पण १०० एएचच्या एजीएमचे वजन तीस किलोच्या आसपास असते आणि निम्म्याच वापराची मर्यादा तिलाही लागू आहे. याउलट १०० एएचच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १.२८ युनिट असतात, त्यांपैकी किमान ऐंशी टक्के रोज निर्धास्तपणे वापरता येतात, आणि तिचे वजन अकरा ते तेरा किलो असते.

हा फरक सगळीकडे सांगितला जातो. कोकणात त्याहून महत्त्वाचा ठरतो तो चार्ज होण्यातला फरक. शिशाची बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत बऱ्यापैकी वेगाने भरते आणि नंतर प्रवाह आखडता घेते. उरलेल्या वीस टक्क्यांना कित्येक तास लागतात. ते तास तिला मिळाले नाहीत, तर प्लेटांवर शिशाचे सल्फेट कडक होत जाते आणि क्षमता हळूहळू कायमची जाते. आता किनाऱ्यावरचा प्रवास कसा असतो ते पाहा. गुहागरहून निघून तवसाळला फेरीबोट पकडायची, जयगडला उतरून गणपतीपुळ्याला मुक्काम करायचा, यात इंजिन जेमतेम दीड-दोन तास चालते. छतावरचा २०० वॅटचा सोलर पॅनल एप्रिल-मेमध्ये दिवसाला पाऊण युनिटच्या आसपास देतो, पण जुलैत त्याचा चौथा हिस्साही पदरात पडत नाही असे दिवस सलग येतात. अशा स्थितीत शिशाची बॅटरी पूर्ण भरतच नाही. माझ्या गाडीत आरंभी दोन ट्युब्युलर होत्या. एका पावसाळ्यात त्या तीन आठवडे अर्धवट चार्जवर राहिल्या, आणि नारळी पौर्णिमा उलटल्यावर हौसेने घेतलेली पापलेटे दुसऱ्या सकाळी टाकून द्यावी लागली, कारण फ्रीज मध्यरात्रीच बंद पडला होता.

लिथियम बॅटरी अर्धवट चार्जवर राहिल्याने बिघडत नाही, उलट त्याच अवस्थेत ती अधिक सुखाने नांदते. शिवाय ती जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण प्रवाह घेते, त्यामुळे इंजिनावर चालणाऱ्या ३० अँपिअरच्या चार्जरने दोन तासांच्या प्रवासात ०.८ युनिट, म्हणजे दिवसाच्या गरजेचा सुमारे दोन-तृतीयांश भाग, भरून निघतो. एकच पथ्य आहे : महिन्यातून एकदा तरी तिला पूर्ण चार्ज होऊ द्यावे. सेल एकमेकांच्या बरोबरीने ठेवणारी यंत्रणा पूर्ण चार्जच्या जवळच काम करते, आणि किती टक्के शिल्लक आहे हे सांगणारा आकडाही तिथेच जुळवला जातो.

उत्पादक लिथियमच्या दोन ते चार हजार फेऱ्या (पूर्ण भरून पुन्हा उतरवण्याच्या) सांगतात, आणि विक्रेते त्यावरून दर फेरीचा खर्च काढून दाखवतात. तो हिशेब रोज गाडीत राहणाऱ्याला किंवा गाडी भाड्याने देणाऱ्याला लागू पडतो. वर्षाला वीस रात्री फिरणाऱ्याला तीन हजार फेऱ्या संपवायला दीडशे वर्षे लागतील, तेव्हा त्याने त्या आकड्याला भुलू नये. त्याच्या बॅटरीचे आयुष्य वापर नव्हे, तर वय आणि उष्णता ठरवतील.

लिथियममधली निवड

बाजारात दोन रसायने आढळतात. इलेक्ट्रिक स्कूटरच्या जुन्या पॅकमधले निकेल-मँगनीज-कोबाल्टचे सेल काही कारागीर स्वस्तात जोडून देतात. त्यांचा एक सेल सुमारे ३.७ व्होल्टचा असतो. तीन जोडले तर दाब १२ व्होल्टच्या उपकरणांना कमी पडतो आणि चार जोडले तर पूर्ण चार्जला १६.८ व्होल्टपर्यंत जातो, जो फ्रीज आणि पंप यांना मानवणार नाही. फॉस्फेटचे चार सेल मात्र १२.८ व्होल्टला नेमके बसतात. त्यांची दुसरी बाजूही भक्कम आहे. फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा बंध घट्ट असल्याने तापल्यावर ऑक्सिजन सहज सुटत नाही आणि आग भडकण्याचा धोका कमी राहतो. २०१९ मध्ये नोबेल मिळालेले जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधील गटाने हे रसायन १९९७ मध्ये मांडले. माझ्या मते झोपण्याच्या जागेत या फॉस्फेटखेरीज दुसरे लिथियम ठेवूच नये.

त्यानंतरचा प्रश्न रचनेचा आहे, आणि खारी हवा येथेच आपले काम करते. आपल्याकडे जोडल्या जाणाऱ्या अनेक बॅटऱ्यांत ३२७०० मापाचे ६ एएचचे नळकांडी सेल असतात. सतरा-सतरा सेलांचे चार गट केले की १०२ एएच होतात. म्हणजे एकूण ६८ सेल आणि त्यांच्या दोन्ही टोकांना पट्ट्यांचे स्पॉट वेल्डिंग. या पट्ट्या शुद्ध निकेलच्या असल्या तर चिंता नाही, पण स्वस्त पॅकमध्ये निकेलचा मुलामा दिलेले लोखंड वापरलेले असते आणि समुद्राकाठी त्याला गंज चढतो. पट्टीचा तुकडा घासून मिठाच्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेवला की खरे काय ते दिसते. विक्रेता नमुना द्यायला कांकू करू लागला, तर त्यातूनही बरेच कळते. दुसऱ्या रचनेत चारच मोठे चौकोनी सेल बोल्टने जोडलेले असतात. त्यात सांधे कमी असतात, मात्र धक्क्यांनी बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून लवचीक पट्ट्या आणि सेलांना घट्ट आवळून धरणारी चौकट लागते. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण एका तपाहून अधिक काळ चालू असल्याने हा मुद्दा आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. नीट बांधलेले चौकोनी सेल आणि पाणी-धुळीपासून बंदिस्त, आयपी६५ किंवा त्याहून वरच्या दर्जाची पेटी, अशी जोडी मिळत असेल तर मी तिला पहिली पसंती देईन. पेटीच्या बाहेरच्या जोडण्यांसाठी कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर, आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी श्रिंक नळी आणि टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा हात, एवढे करावेच. मच्छीमार बोटींची वायरिंग करणारे बंदरावरचे वायरमन हे काम गाड्यांच्या गॅरेजपेक्षा चांगले जाणतात, असा माझा अनुभव आहे.

खरेदी करताना बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आतली संरक्षक यंत्रणा, सलग किती अँपिअर देऊ शकते हे एएचइतकेच बारकाईने विचारावे. १०० अँपिअरच्या बीएमएसमधून १२८० वॅटच निघतात. त्यावर २००० वॅटचा इन्व्हर्टर बसवून १६०० वॅटची इंडक्शन शेगडी लावली तर सुमारे १४० अँपिअरची मागणी होते आणि भात शिजण्याआधीच बॅटरी बंद होते. इंडक्शन हवीच असेल तर २०० एएच घ्यावे लागेल. ते एका पेटीत घ्यावे की १०० एएचच्या दोन पेट्यांत, यावर मतभेद आहेत. दोन पेट्यांत सांधे वाढतात आणि आपल्या हवेत प्रत्येक सांधा म्हणजे एक संभाव्य बिघाड असतो. तरीही मी दोन पेट्या घेईन, कारण देवगड किंवा हर्णैसारख्या ठिकाणी एक बंद पडली तर दुसरीवर फ्रीज चालू राहतो. दोन्हींना जाणाऱ्या वायरी सारख्या लांबीच्या असाव्यात. लिथियम बॅटरी धोकादायक मालात मोडत असल्याने कुरिअरने परत पाठवणे कटकटीचे होते, म्हणून आपण स्वतः गाडीने जाऊ शकू अशा शहरातला विक्रेता निवडावा, मग तो चार पैसे जास्त घेत असला तरी चालेल.

बॅटरीच्या किमतीत आणखी तीन वस्तू धराव्यात. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की ती थेट अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर वीज तयार करणाऱ्या यंत्राला, जोडल्यास तो तापून जळू शकतो, म्हणून मध्ये प्रवाहाला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर हवा. तिचा दाब नव्वद टक्क्यांपासून वीस टक्क्यांपर्यंत जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे व्होल्टमीटर निरुपयोगी ठरतो आणि आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारा, शंट बसवलेला मीटर लागतो. शॉर्ट झाल्यास ती हजारो अँपिअर सोडू शकते, त्यासाठी एवढा मोठा प्रवाह तोडू शकणारा क्लास टी प्रकारचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा. एजीएम निवडली तर या खर्चाचा काही भाग वाचतो, ही तिची जमेची बाजू मान्य करायला हवी.

ज्यांच्याकडे मारुती ईको व्हॅन आहे आणि जे वर्षातून चार-पाच वेळाच बाहेर पडतात, त्यांनी यातले काहीच न करता एक युनिटचे फॉस्फेट सेल असलेले पोर्टेबल पॉवर स्टेशन घ्यावे, असे मला वाटते. इन्व्हर्टर आणि सोलर चार्जर त्यातच असतात आणि एरवी लाईट गेल्यावर ते घरातही उपयोगी पडते. गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवरून ते शंभर वॅटच्या आसपासच चार्ज होते, ही त्याची मोठी उणीव आहे. त्यामुळे निघण्याआधी घरीच पूर्ण भरून घ्यावे. ईकोचे इंजिन पुढच्या सीटखाली असते, तेव्हा ते किंवा कोणतीही बॅटरी त्या भागाला लागून ठेवू नये. बहुतेक उत्पादक चार्जिंगसाठी ४५ ते ५५ अंशांची कमाल मर्यादा देतात, आणि मे महिन्यात पुळणीवर उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ती ओलांडायला वेळ लागत नाही.

गाडी उभी करून ठेवण्याची रीतही दोघींची उलट आहे. शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवावी आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा चार्जरला लावावी. लिथियम बॅटरी पूर्ण भरून उकाड्यात ठेवल्यास लवकर म्हातारी होते. ती पन्नास-साठ टक्क्यांवर आणून मुख्य स्विच बंद करावा आणि पेटी बाहेर काढता येत असेल तर गाडीत न ठेवता पडवीत सावलीला आणून ठेवावी.