फोटो खरा, चप्पल खोटी: हातची कोल्हापुरी ऑनलाइन विकताना होणारी फसवणूक

फोटो आम्ही बनवलेल्या कापशीचा (कापशी हा कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार), खाली किंमत ७९९ रुपये, आणि पेज भलत्याच कुणाचं. पैसे आधी भरले तर वर आणखी सूट. गिऱ्हाइकाला जी चप्पल मिळते ती त्या फोटोतली नसतेच. पंधरा दिवसांत अंगठा (पायाचा अंगठा अडकवायची पट्टी) निघाला की लोक फोटोचा माग काढत खऱ्या कारागिरापर्यंत पोचतात आणि शिव्या त्याला खाव्या लागतात. पेजवाला तोवर नाव बदलून मोकळा. आमच्या मालाच्या बाबतीत हे झालं आहे, ओळखीच्या इतर कारखान्यांच्या बाबतीतही झालं आहे. फसवायची पद्धत सगळीकडे जवळपास एकच, म्हणून ती तपशिलात लिहितो.

त्या पेजवरून आलेला एक जोड रापीने (चामडं कापायच्या हत्याराने) उघडून बघितला. वरचा तळ म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेलं तपकिरी रेक्झिन. खालचा तळ रबरी शीटचा. कडेला रंग फासून त्यावर बारीक रेघा ओढलेल्या, म्हणजे लांबून चामड्याचे थर वाटावेत. कडेने फिरणारी टीप वरून झकास दिसते, पण चप्पल उलटी केली की खाली टाकाच नाही, कारण ती शिवलेली नसून साच्यात दाबून उठवलेली. वेणीचंही तेच, एका सपाट पट्टीवर वेणीचा छाप. कान, म्हणजे पट्टा धरणारे दोन्ही बाजूंचे तुकडे, सोल्यूशनने चिकटवून वर चुका (बारीक खिळे) ठोकलेल्या, त्यातल्या दोन गंजून कानाला भोकं पडलेली. खऱ्या जोडात कान दोन तळांच्या मध्ये घालून शिवलेले असतात, ओढ सगळ्या शिवणीवर वाटली जाते आणि खिळ्याची गरज पडत नाही. खोट्यात सगळा भार चार चुकांवर येतो, म्हणून ती आधी कानापाशीच सुटते.

७९९ला खरा जोड का येत नाही, तेही सांगायला हवं. म्हशीच्या चामड्याच्या दुहेरी तळाचा मोठ्या नंबराचा जोड सातशे-आठशे ग्रॅम भरतो. तळ कापताना वाया जाणारं धरलं तर चामडं त्याहून बरंच जास्त लागतं, आणि पोटाकडचं सैल चामडं तळाला चालत नाही. त्यावर पट्ट्याचं चामडं, वेणीच्या वाद्या, शिलाई, तेल पाजणं. भाव बघूनच हसू यावं, पण गिऱ्हाइकाला यातलं काही माहीत नसतं. त्याला फक्त फोटो दिसतो, आणि फोटो तर खराच असतो.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. अलीकडे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाने कारागिराची माहिती दाखवणारा क्यूआर कोडही आणला. गोष्ट चांगली आहे, पण फोटोत दिसणाऱ्या कोडला काडीची किंमत नाही. चपलेसोबत कोडही चोराच्या पेजवर जातो, गिऱ्हाईक मोबाइल लावतं, माहिती खऱ्या कारागिराची येते आणि विश्वास उलट वाढतो. म्हणून विक्रीच्या फोटोत कोड झाकून ठेवावा. 'हातात आलेल्या जोडावरचाच कोड तपासा' असं मालाच्या वर्णनात लिहावं.

फोटो चोरीला जाणारच, हे धरून चालायचं. कोपऱ्यातलं नाव कापून टाकायला दहा सेकंद लागतात, आणि मधोमध टाकलेलं फिकट नावसुद्धा आता मोबाइलमधल्या ॲपने पुसता येतं. टिकतो तो चामड्यात मारलेला ठसा. वनस्पतीजन्य (झाडाच्या साली-फळांतल्या द्रव्यांनी कमावलेलं) चामडं ओलं करून ठेवावं. पाणी आत मुरून वरचा रंग परत मूळच्या जवळ यायला लागला की ठसा दाबावा. फार ओल्यात मारला तर सुकताना भरून येतो, कोरड्यात मारला तर उथळ राहतो. जागा वरच्या तळावर, पावलाच्या कमानीखाली. टाचेवरचा ठसा महिनाभराच्या वापरात घासून जातो. फोटो घेताना कॅमेरा असा धरावा की ठसा, वेणी आणि एक कान एकाच चौकटीत येतील. ठसा पुसायचा तर मग सगळा तळच नव्याने रंगवावा लागतो. चोर एवढे कष्ट क्वचितच घेतो, त्याला शेजारच्याचा बिनठशाचा फोटो सोपा पडतो.

उजेडाबद्दल थोडं, कारण अर्धे रिटर्न 'रंग वेगळा निघाला' या नावाखाली येतात आणि त्यांच्याच आडून लबाडीही चालते. तेल पाजलेल्या चामड्यावर फ्लॅश मारला की पांढरा चट्टा उठतो. उन्हाची तिरीप न येणारी खिडकी, समोरून थर्माकोलचा पांढरा तुकडा, एवढं पुरतं. पहिल्या फोटोत चपलेशेजारी पांढरा कागद ठेवून त्यावर रंग जुळवून घ्यावा, नाहीतर पिवळ्या बल्बखाली नैसर्गिक रंगाची चप्पल लालसर दिसते. मोबाइल अगदी जवळ नेऊ नये, अंगठ्याची बाजू फुगून दिसते. थोडं मागे सरून झूम करावं. निदान चार फोटो हवेत: वरून, कडेने तळाचे थर दिसतील असा, उलट्या बाजूचे टाके, आणि मोजपट्टी लावून. उलट्या बाजूचा फोटो बहुतेक जण टाकत नाहीत. खोटं पेज ओळखायची गिऱ्हाइकाची सगळ्यात सोपी खूण तीच: तळाच्या खालच्या बाजूचा फोटो मागा. आमचा अनुभव असा की तो मागितला की समोरचा गप्प होतो.

मूळ फाइल जपावी. व्हॉट्सॲप किंवा इन्स्टाग्रामवर गेलेल्या फोटोतून तारीख-वेळेची आतली नोंद निघून जाते, त्यामुळे तिथून परत उतरवून घेतलेली प्रत पुरावा म्हणून लंगडी पडते. कुणाला मूळ फोटो द्यायचाच झाला तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

दुसरा प्रकार जोड बदलण्याचा, आणि पैशाने तो जास्त लागतो. गिऱ्हाईक खरा जोड मागवतं, 'नंबर लहान आला' म्हणून परत पाठवतं, आणि खोक्यातून निघतो तो बाजारातला स्वस्त जोड. कधी आपलाच जुना, झिजलेला. कधी डावी नवी आणि उजवी जुनी. खोकं आपलं, कागद आपला, वरचं लेबल बरोबर. विक्रीच्या संकेतस्थळाकडे तक्रार केली की ते विचारतात, तुम्ही हाच जोड पाठवला होता कशावरून?

यावर आम्ही वापरतो ती खूण सांगतो, अर्थात आमची नेमकी खूण नव्हे. कान शिवण्याआधी त्याच्या आतल्या बाजूवर आरीने (चांभाराच्या टोचणीने) जोडाचा क्रमांक कोरायचा. शिवल्यावर त्याचा फक्त शेवटचा आकडा पट्टा उचलून दिसतो. शिवाय पट्ट्याखाली एक टाका वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा. माहीत नसलेल्याला ही खूण सापडत नाही. दोन्ही पायांना क्रमांक एकच हवा, नाहीतर डावी-उजवी बदलाबदल पकडता येत नाही.

मग पॅकिंगचा व्हिडिओ, मध्ये न थांबवता एका दमात घेतलेला. ऑर्डरचा कागद, दोन्ही चपला वरून आणि खालून, खूण, काट्यावर वजन, खोक्यात ठेवणं, टेप, आणि शेवटी कुरिअरच्या लेबलावरचा नंबर वाचता येईल इतका जवळून. रिटर्न आलेलं पार्सलही असंच, सील न तोडलेलं दाखवत उघडायचं. माल उघडल्यावर व्हिडिओ सुरू केला तर त्याचा काही उपयोग नाही. तक्रारीची मुदत बऱ्याच ठिकाणी मोजक्या दिवसांची असते, ती विकायला सुरुवात करण्याआधीच वाचून ठेवावी. रिटर्नची पार्सलं साठवून रविवारी एकदम उघडायची सवय असेल तर मुदत तिथेच जाते.

वजनात एक मेख आहे. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त ते लावतात. खोकं ३२ × २२ × १२ सेंटिमीटरचं असेल तर गुणाकार ८४४८. कुरिअरच्या नेहमीच्या हिशोबाने त्याला पाच हजाराने भागलं की आकारमानाचं वजन जवळजवळ १.७ किलो. आत ७८० ग्रॅमचा खरा जोड असो की ४३० ग्रॅमचा खोटा, बिलावर जाताना आणि येताना आकडा तोच दिसतो. तेव्हा तक्रार करताना बिलाचं नव्हे, काट्यावरचं प्रत्यक्ष वजन दोन्ही वेळचं मागावं. साडेतीनशे ग्रॅमचा फरक कुणालाच समजावून सांगावा लागत नाही. खोकं लहान केलं तर भाडं वाचतं: दोन्ही तळ एकमेकांकडे करून २९ × १३ × ९ मध्ये बराच माल बसतो. फक्त गोंडे दबू नयेत म्हणून त्यांच्यापाशी कागदाचा बोळा घालावा.

पैशाचे सापळे सगळ्यांनी ऐकलेले असतात, तरी मोठी ऑर्डर म्हटली की माणूस ऐकलेलं विसरतो. 'लष्करातून बोलतोय, युनिटसाठी पन्नास जोड हवेत', ओळखपत्राचा फोटो, भावात घासाघीस अजिबात नाही. घासाघीस नाही इथेच शंका यावी. मग 'आमचं पेमेंट असंच होतं' म्हणून क्यूआर कोड येतो, स्कॅन करून पिन टाका म्हणतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. दुसरी तऱ्हा जादा पैशांची: 'चुकून वीस हजार जास्त गेले, परत पाठवा', सोबत साध्या मोबाइल नंबरवरून आलेला बँकेसारखा मेसेज. मेसेज किंवा स्क्रीनशॉट बघून माल हलवू नये आणि पैसेही परत करू नयेत, खात्यात स्वतः बघावं. चेक असेल तर वटेपर्यंत थांबावं, पासबुकात नोंद दिसली म्हणजे वटला असं नाही.

खऱ्या दुकानदाराने उधारी बुडवली तर मार्ग वेगळा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने पैसे फार तर ४५ दिवसांत मिळायला हवेत, उशिरावर चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारी पोर्टलवर अर्ज करता येतो. नोंदणी मात्र माल देण्याआधीची हवी.

आता चामडं. इथे फसवणारा धंद्यातलाच असतो. पट्ट्याचं चामडं चौरस फुटावर, पण तळाचं वजनावर विकलं जातं, आणि वजन वाढवायला त्यात मीठ किंवा ग्लुकोज भरणारे आहेत. घेताना चामड्याचं पान कडक, भारी, छान वाटतं. मग तळ भिजवून सुकवला की कडेने पांढरी भुकटी वर येते, आणि पावसात गेलेल्या चपलेवर तर हमखास. परीक्षा सोपी आहे. पाच सेंटिमीटरचा चौकोन कापून सावलीत पूर्ण सुकवावा, ग्रॅमच्या काट्यावर तोलावा, रात्रभर पाण्यात ठेवून पुन्हा तसाच सुकवून तोलावा. कमावणीतली द्रव्यं सुटून थोडं वजन घटतंच, म्हणून खात्रीच्या चामड्याचा तुकडाही सोबत ठेवून तुलना करावी. नुसत्या एका आकड्यावरून भांडण काढू नये.

पट्ट्यासाठी वनस्पतीजन्य म्हणून क्रोमचं (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं) चामडं गळ्यात मारतात. वरून रंग सारखाच, पण ताजी कापलेली कड निळसर-राखाडी दिसली तर समजावं. कडेलाही रंग मुरवलेला असेल तर बारीक पट्टी उकळत्या पाण्यात टाकावी: वनस्पतीजन्य असेल ती आखडून वळते, नीट कमावलेलं क्रोम फारसं हलत नाही. क्रोमवर ठसाही धरत नाही, मारला तरी दोन दिवसांत पुसट होतो. आणखी एक, चिरलेल्या खालच्या थरावर प्लास्टिकचा लेप देऊन वरच्या थराचा भाव लावतात. नखाने कोपऱ्यातून सोलून बघावं, पापुद्रा निघाला की प्रश्न मिटला. गठ्ठ्यातली वरची दोन पानं सगळेच चांगली ठेवतात, म्हणून मधलं पान ओढून बघावं. विक्रेता त्याला नको म्हणाला तर उठून यावं.

फसलात तर आधी पुरावा, मग ओरड. पेज बंद करायला लावायची घाई केली तर सगळं पुसलं जातं. आधी पेजचा पूर्ण पत्ता, तारीख आणि तो फोटो दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत. शक्य असेल तर एक जोड मागवावा, कारण पार्सलवर पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता असतो आणि पैसे गेलेल्या खात्याचा तपशील हाती लागतो. खोकं, लेबल, चप्पल सगळं ठेवावं. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा, रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. फसलेल्या गिऱ्हाइकाला ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर द्यावा. त्याची तक्रार आणि आपली तक्रार एकाच पेजविरुद्ध गेली तर वजन पडतं. पोलिसांत फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे.

फोटोच्या हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने तो सहसा काढणाऱ्याचा असतो. पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल तर पैसे देणाऱ्याचा. म्हणून फोटोग्राफरचं बिल आणि त्यावर 'कापशी, पायताण, अमुक तारीख' असा तपशील फाइलला लावून ठेवावा. एक पेज बंद झालं की त्याच फोटोंसह दुसरं उघडतं, पण पार्सल पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेक वेळा तोच निघतो. दुसऱ्या तक्रारीत पेजच्या नावाआधी तो पत्ता लिहावा आणि पहिल्या तक्रारीचा क्रमांक जोडावा.